निकट छायाचित्रण : कीटक व कोळी

लहान प्राणी वा पदार्थ अगदी जवळून टिपून त्याची प्रतिमा फिल्मवर किंवा इलेक्ट्रॉनीय संवेदकावर मूळ आकारमानाच्या जवळपास अथवा त्याहून मोठी मिळविण्याच्या तंत्राला निकट छायाचित्रण म्हणतात. प्रतिमेचे आकारमान व पदार्थाचे आकारमान यांच्या गुणोत्तरास विवर्धन ही संज्ञा आहे. ढोबळ मानाने १:१० ते १:१ या विवर्धनाचे छायाचित्रण निकट समजतात. त्यापुढे सु. १०:१ पर्यंतचे छायाचित्रण साध्या भिंगांनी व पूरक साधनांनी करता येते आणि त्याही पलीकडे सूक्ष्मदर्शकाचे क्षेत्र सुरू होते. नाणी, फुले, दागिने, दात इ. अनेक विषयांसाठी हे तंत्र वापरले जाते. तथापि कीटक व कोळी यांच्या बाबतीत त्याची खरी कसोटी लागते. हे प्राणी लहान असतात, हलते असतात आणि त्यांचे कायटिनयुक्त बाह्यकवच बहुधा चकचकीत असते. त्यामुळे कृत्रिम प्रकाशावाचून त्यांचे स्पष्ट चित्र क्वचितच मिळते. परंतु हा प्रकाश अविचाराने टाकल्यास चित्र स्पष्ट पण खोटे होते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः क्षणदीप्ती दिव्याच्या, म्हणजे व्यवहारात ज्याला फ्लॅश म्हणतात त्याच्या, साहाय्याने केलेल्या छायाचित्रणाचा विचार केला आहे.

विवर्धन व क्षेत्र-खोली : ३५ मिमी. फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी. असते व त्याच मापाचे संवेदक आजच्या अनेक कॅमेऱ्यांतही असतात. १:१ विवर्धनाला ही चौकट ३६ × २४ मिमी. एवढेच क्षेत्र व्यापते. भिंतीवर आढळणारा ६ मिमी. लांबीचा उड्या मारणारा कोळी या चौकटीच्या रुंदीचा केवळ सहावा भाग भरतो. म्हणून अशा प्राण्यासाठी २:१ किंवा ३:१ विवर्धन घ्यावे लागते. ते मिळविण्यासाठी भिंग आणि कॅमेरा यांत नळ्या किंवा भाता बसवितात, साधे भिंग उलटे जोडतात किंवा निकट छायाचित्रणासाठीच बनविलेले भिंग वापरतात.

विवर्धन वाढले, की स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी, म्हणजे क्षेत्र-खोली, झपाट्याने घटते. प्रतिमेतील ०.०३ मिमी. व्यासापर्यंतचा ठिपका डोळ्यास बिंदूसारखा वाटतो, हे ३५ मिमी. चौकटीसाठी परंपरेने मानलेले प्रमाण घेतल्यास एफ/११ या छिद्राला १:२ विवर्धनास सु. ४ मिमी., १:१ ला सु. १.३ मिमी. आणि २:१ ला केवळ अर्धा मिमी. क्षेत्र-खोली मिळते. सहा मिमी. लांबीचा कोळी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसला असेल, तर त्याचे डोळे स्पष्ट येतील. पण पोट धूसर राहील.

छिद्र आणखी लहान करून ही अडचण दूर करावी, असे प्रथमदर्शनी वाटते. तेथे प्रकाशाचे विवर्तन आड येते. भिंग संवेदकापासून दूर सरकल्यामुळे छिद्राचा परिणामी एफ-अंक वाढतो. भिंगावर लिहिलेल्या अंकाला एक अधिक विवर्धन या संख्येने गुणले असता तो ढोबळ मानाने मिळतो. म्हणजे १:१ ला एफ/११ हे एफ/२२ सारखे वागते आणि विवर्तनामुळे प्रत्येक बिंदूची जी चकती उमटते तिचा व्यास सु. ०.०३ मिमी. होतो. एफ/२२ ठेवल्यास तो दुप्पट होतो आणि संपूर्ण चित्रच किंचित मऊ पडते. क्षेत्र-खोली वाढविण्याच्या हव्यासात एकही केस रेखीव न आलेली चित्रे नवशिक्यांच्या संग्रहात विपुल असतात. १:१ च्या आसपास एफ/११ व २:१ च्या आसपास एफ/८ ही छिद्रे व्यवहारात समाधानकारक ठरतात. उरलेली उणीव कोन निवडून भरून काढावी लागते. फुलपाखराचे मिटलेले पंख किंवा चतुराचे शरीर संवेदकाच्या पातळीस समांतर आणले, तर तोच अर्धा मिमी. पुरेसा होतो.

प्रकाशाची गरज : निरभ्र उन्हात १०० संवेदनक्षमतेला एफ/१६ व १/१०० सेकंद हे उद्भासन चालते. झाडाच्या मोकळ्या सावलीत प्रकाश त्याच्या सु. आठव्या हिश्शावर येतो. अशा सावलीत २:१ विवर्धनास एफ/११ वापरल्यास परिणामी छिद्र एफ/३३ होते व झडप सु. एक-तृतीयांश सेकंद उघडी ठेवावी लागते. एवढ्या वेळात कोळी हलला नाही, तरी पान हलते आणि पान हलले नाही, तरी छायाचित्रकाराचा हात हलतो. आधुनिक संवेदकांची संवेदनक्षमता पुष्कळ वाढविता येते हे खरे. परंतु त्याची किंमत बारीक तपशील हरवण्यात मोजावी लागते आणि बारीक तपशील हाच येथे चित्राचा हेतू असतो.

फ्लॅशमध्ये धारित्रात साठविलेला विद्युत् भार झेनॉन वायूने भरलेल्या नळीतून एकदम सोडला जातो. हातात मावणाऱ्या सामान्य फ्लॅशची पूर्ण शक्तीची दीप्ती सु. १/१,००० सेकंद टिकते. आवश्यक तेवढा प्रकाश पडताच विद्युत् प्रवाह तोडणारे मंडल त्यात असते. त्यामुळे कमी शक्तीवर ही दीप्ती १/२०,००० सेकंद किंवा त्याहूनही अल्पकाळ टिकते. निकट छायाचित्रणात दिवा प्राण्यापासून काही सेंमी.वरच असल्यामुळे पूर्ण शक्ती क्वचितच लागते. जवळिकीमुळे जी दीप्ती पुरेशी होते, तीच हालचाल गोठविण्याइतकी अल्पजीवीही असते. या शाखेचे बरेचसे यश या एका योगावर उभे आहे.

हालचाल किती गोठते याचा अंदाज मधमाशीच्या पंखावरून येतो. तिचा पंख सेकंदाला सु. २३० वेळा फडफडतो व दर फेरीला दोन्ही दिशांना सु. ९०° वळतो. पंखाची लांबी सु. ९.७ मिमी. धरल्यास टोकाचा सरासरी वेग सेकंदाला सु. ७ मी. येतो. १/१,००० सेकंदात टोक ७ मिमी. सरकते, म्हणजे चित्रात पंखाऐवजी धुके दिसते. १/२०,००० सेकंदात ते केवळ एक-तृतीयांश मिमी. सरकते व पंखातील शिरा मोजता येतात. चालणाऱ्या कोळ्याला किंवा मिशा साफ करणाऱ्या मुंगीला इतक्या अल्प दीप्तीची आवश्यकता नसते.

ज्या कॅमेऱ्यांत झडपेचे दोन पडदे संवेदकासमोरून सरकतात, त्यांत संपूर्ण चौकट एकाच वेळी उघडी असण्याची मर्यादा साधारणतः १/२०० ते १/२५० सेकंद असते. जुन्या कॅमेऱ्यांत ती १/६० सेकंद होती. यापेक्षा जलद झडप वापरल्यास चित्राचा काही भाग काळा पडतो. उलट, लख्ख उन्हात सूर्यप्रकाशाने एक व फ्लॅशने दुसरी अशी जोडप्रतिमा उमटते. म्हणून अशा वेळी प्राण्यावर छत्रीची किंवा स्वतःच्या शरीराची सावली धरतात.

ऐतिहासिक आढावा : १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे व योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड व पोटॅशियम क्लोरेट यांचे क्षणात जळणारे मिश्रण प्रचारात आणले. त्याचा धूर व धोका पाहता कीटकांच्या निकट छायाचित्रणास ते फारसे उपयोगी नव्हते. काचेच्या फुग्यात बंद केलेला, एकदाच वापरता येणारा दीप्तीचा दिवा १९२९ मध्ये जर्मनीत विक्रीस आला. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हॅरल्ड एडगर्टन यांनी वायूच्या नळीतील विद्युत् विसर्जनाने पुनःपुन्हा मिळणारी अत्यल्पकालीन दीप्ती छायाचित्रणास उपलब्ध करून दिली. आजचे सर्व इलेक्ट्रॉनीय फ्लॅश त्याच तत्त्वावर चालतात. भिंगाभोवती बसणारा कंकणाकृती फ्लॅश १९५२ मध्ये लेस्टर डाइन यांनी दातांच्या छायाचित्रणासाठी तयार केला व पुढे तो कीटकांकडे वळला.

उडत्या कीटकांची रेखीव चित्रे लोकांसमोर आणण्याचे श्रेय प्रामुख्याने ब्रिटिश छायाचित्रकार स्टीफन डाल्टन यांच्याकडे जाते. त्यांनी सु. १/२५,००० सेकंदाची दीप्ती देणारे दिवे वापरून घेतलेल्या चित्रांचा बॉर्न ऑन द विंड हा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आलेल्या ऑलिंपस ओएम-२ या कॅमेऱ्यात भिंगातून आत आलेला फ्लॅशचा प्रकाश फिल्मच्या पृष्ठभागावरूनच मोजण्याची सोय होती. तोपर्यंत छायाचित्रकाराला अंतर, विवर्धन व छिद्र यांचे कोष्टक जवळ बाळगावे लागे. अनुभवी मंडळी मात्र एक युक्ती करीत. फ्लॅश एका कंसाने भिंगाच्या पुढच्या टोकाशी कायमचा जखडून टाकीत. विवर्धन वाढले, की परिणामी छिद्र लहान होऊन प्रकाश घटतो. पण त्याच वेळी भिंगाबरोबर दिवाही प्राण्याच्या जवळ जातो व प्रकाश वाढतो. या दोहोंची बरीचशी वजावट होऊन एकच छिद्र मोठ्या पल्ल्यात चालते. १९९९ मध्ये कॅनन कंपनीने १:१ पासून ५:१ पर्यंत विवर्धन देणारे स्वतंत्र भिंग बाजारात आणले. चित्र तत्काळ पाहण्याची सोय आल्यानंतर कोष्टके मागे पडली असली, तरी ही युक्ती आजही तितकीच कामाची आहे.

प्रकाशाची प्रत : फ्लॅशचा उघडा प्रकाश कीटकाच्या कवचावर आरशासारखा परावर्तित होतो. लेडीबर्ड जातीच्या ठिपकेदार भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा ठिपका उमटतो व पाहणाऱ्याला तो त्याच्या रंगाचाच भाग वाटतो. ठिपक्यांच्या संख्येवरून जाती ओळखण्याचा प्रयत्न करणाऱ्यास हा दोष किती महाग पडतो, हे सांगावयास नको. उपाय एकच, तो म्हणजे दिवा प्राण्याच्या दृष्टीने मोठा करणे. सहा सेंमी. रुंदीचा फ्लॅश एक मी. अंतरावरून बिंदुवत असतो; तोच दहा सेंमी.वर आणून त्याच्यापुढे अर्धपारदर्शक पडदा धरला, तर प्राण्याला तो आकाशाच्या मोठ्या तुकड्यासारखा होतो. चमक नाहीशी होत नाही. ती पसरते, सौम्य होते आणि तिच्याखालचा रंग व पोत दिसू लागतो.

पडद्यासाठी आराखड्याचा अर्धपारदर्शक कागद, पांढरे पातळ कापड, दुधाळ प्लॅस्टिकच्या बाटलीचा कापलेला तुकडा यांपैकी काहीही चालते. पडदा दिव्याला चिकटवून उपयोग नाही. दोहोंत अंतर हवे, म्हणजे पडद्याचा सर्व पृष्ठभाग उजळतो. तो भिंगाच्या टोकापुढे किंचित वाकवून आणल्यास प्रकाश वरून व दोन्ही बाजूंनी येतो. खालचा अंधार घालविण्यासाठी पोटाच्या बाजूस पांढऱ्या कागदाचा कपटा पुरतो. या कामात विकतच्या साधनापेक्षा घरी केलेले साधन बहुधा सरस ठरते. कारण ते आपल्या भिंगाच्या व आपल्या प्राण्याच्या मापाचे असते.

कंकणाकृती फ्लॅशचा कीटकांसाठी सरसकट पुरस्कार केला जातो, तो मात्र पटण्यासारखा नाही. दंतवैद्याला तोंडाच्या पोकळीत सावली नको असते. प्राणिशास्त्रज्ञाला सावली हवी असते, कारण कवचावरील खळगे, कणा व केस सावलीनेच उठून दिसतात. कंकणाच्या प्रकाशात सर्व काही सपाट होते. शिवाय उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या समोरच्या मोठ्या डोळ्यांत त्या कंकणाची प्रतिमा स्पष्ट उमटते. लांडगा कोळ्याच्या मागील ओळींतील मोठ्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. दिवा भिंगाच्या अगदी जवळ असला, की ते मांजरीच्या डोळ्यांसारखे चमकतात व दिवा बाजूस नेला, की त्यांचा खरा गडद रंग दिसतो. रात्री कोळी शोधताना मात्र हीच चमक साहाय्यक होते. विजेरी आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरून गवतावर फिरविली असता अनेक मी. अंतरावरूनही लांडगा कोळी सापडतात.

पार्श्वभूमी काळी येणे हा फ्लॅशचा नेहमीचा दोष होय. प्राणी दिव्यापासून १० सेंमी. व मागचे पान ५० सेंमी. असेल, तर प्रकाशाच्या व्यस्त वर्गाच्या नियमानुसार पानावर केवळ पंचविसावा हिस्सा प्रकाश पडतो. निशाचर कोळ्याच्या चित्रात हा काळोख खराच असतो. परंतु भर दुपारी तेरड्याच्या फुलावर बसलेले फुलपाखरू काळ्या पटावर दाखविणे ही चुकीची माहिती आहे. त्यासाठी मागे जवळच एखादे पान येईल असा कोन घ्यावा किंवा झडप १/३० ते १/६० सेकंद उघडी ठेवून परिसराचा प्रकाशही चित्रात येऊ द्यावा. जाळ्याचे धागे दाखवावयाचे असल्यास दिवा बाजूने किंवा तिरका मागून ठेवतात. समोरून टाकलेल्या प्रकाशात धागे दिसेनासे होतात.

प्राण्याजवळ जाणे : आधी विवर्धन ठरवून केंद्रीकरणाचे कडे स्थिर ठेवावे आणि स्वतःच पुढे-मागे होत प्राण्याचे डोळे रेखीव दिसताच कळ दाबावी, ही पद्धत हाताने घेतलेल्या चित्रांसाठी सर्वांत विश्वसनीय आहे. कोपर जमिनीवर टेकवून किंवा प्राणी बसलेली काडी व भिंग एकाच हातात धरून दोहोंमधील कंप कमी करता येतो. कीटक व कोळी यांच्या शरीराचे तापमान परिसरावर अवलंबून असल्यामुळे पहाटेच्या गारव्यात ते मंद असतात. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या अखेरीस, भाद्रपद-आश्विनात, दवाने भरलेली जाळी व वाढ पूर्ण झालेले कोळी यांची रेलचेल असते आणि सकाळचे पहिले दोन तास त्यासाठी उत्तम होत.

प्रत्येक प्राण्याची संवेदना वेगळी असते व तिच्याप्रमाणे वागावे लागते. उड्या मारणारा कोळी दृष्टीवर शिकार करतो. भिंग जवळ येताच तो पळण्याऐवजी पुष्कळदा वळून त्याच्याकडे पाहू लागतो आणि छायाचित्रकाराला हवा असलेला चेहरा आपण होऊन देतो. जाळ्यातील कोळ्याला चित्रकार दिसत नाही. पण जाळे ज्या फांदीला बांधले आहे तिला पायाचा धक्का लागला, की आर्जिओपी प्रजातीचा कोळी जाळे जोरात हलवितो किंवा खाली पडून दिसेनासा होतो. चतुर उडून गेला, तरी बहुधा त्याच काडीवर परत येतो. त्याच्या मागे धावण्यापेक्षा तेथेच थांबणे श्रेयस्कर. अंधारात केंद्रीकरणासाठी तांबडा प्रकाश वापरतात, कारण बहुतेक कीटकांची दृष्टी तांबड्या रंगास फारशी संवेदनशील नसते.

पुरावा म्हणून छायाचित्र : कोळ्यांचे कुल ओळखण्यास डोळ्यांची मांडणी फार उपयोगी पडते. म्हणून समोरून घेतलेले एक चित्र आवश्यक असते. पाठ व शक्य तर पोटाची बाजू यांचीही चित्रे असावीत. आर्जिओपी जाळ्याच्या मध्यभागी डोके खाली करून बसतो व जाळ्याच्या दोन बाजूंनी त्याच्या दोन्ही अंगांची चित्रे मिळतात. मापाची नोंद विसरू नये. सह्याद्रीच्या जंगलांत आढळणाऱ्या नेफिला पिलिपेस या कोळ्याची मादी ३ ते ५ सेंमी. लांबीची असते, तर तिच्याच जाळ्यात वावरणारा नर जेमतेम ५-६ मिमी. असतो. दोघांची वेगवेगळ्या विवर्धनाने घेतलेली चित्रे शेजारी ठेवली, तर पाहणाऱ्याची पूर्ण फसगत होते.

चित्रावरून जाती ठरविण्यास मर्यादा आहेत. कोळ्यांच्या पुष्कळ जाती केवळ नराच्या तोंडाशेजारील संस्पर्शकांच्या टोकांवरून व मादीच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून निश्चित होतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखालीच पाहाव्या लागतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात वीरमरण आलेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ २०२१ मध्ये महाराष्ट्रातील एका उड्या मारणाऱ्या कोळ्यास आयसियस तुकारामी हे नाव देण्यात आले. अशा नव्या जातीचे वर्णन नमुन्यांच्या तपासणीवाचून होत नाही. याउलट जिवंत रंग, बसण्याची ढब, भक्ष्य, प्रणयनृत्य व अंड्यांची राखण या गोष्टी मद्यार्कात बुडविलेल्या नमुन्यात उरत नाहीत. त्या चित्रातच राहतात. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या सार्वजनिक नोंदसंग्रहांत म्हणूनच तारीख व ठिकाण यांसह दिलेल्या चित्रांना मोल आहे.

क्षेत्र-खोलीची उणीव भरून काढण्यासाठी केंद्र थोडे थोडे सरकवीत अनेक चित्रे घेऊन त्यांतील रेखीव भाग संगणकाने एकत्र जोडतात. ५:१ विवर्धनास एफ/५.६ ने सु. ०.०८ मिमी. खोली मिळते, म्हणजे ४ मिमी. जाडीच्या प्राण्यासाठी पन्नासाहून अधिक चित्रे लागतात. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हन बिस यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयातील नमुन्यांवरून केलेल्या व २०१६ मध्ये प्रदर्शित झालेल्या मालिकेत एकेका कीटकासाठी हजारो चित्रे जोडलेली आहेत. ते नमुने मृत आहेत हे त्यात उघड सांगितलेले आहे. अडचण निर्माण होते ती जिवंत म्हणून दाखविलेल्या चित्रांत. प्राणी शीतकपाटात ठेवून मंद करणे, गोंदाने काडीला चिकटविणे, दोऱ्याने बांधणे असे प्रकार घडतात. जाणकाराच्या नजरेला ते बहुधा कळतात. गारठलेल्या कोळ्याचे पाय शरीराखाली आखडलेले असतात, कारण कोळी पाय लांब करतो तो मुख्यतः शरीरातील द्रवाच्या दाबाने. चिकटविलेल्या मुंगीचे सर्व पाय पृष्ठभागाला टेकलेले नसतात. आणि नैसर्गिक वैरी असलेले दोन प्राणी एकाच काडीवर शांतपणे बसलेले दिसल्यास चित्राविषयी शंका घ्यावी. फ्लॅशच्या क्षणिक प्रकाशापेक्षा आडव्या येणाऱ्या फांद्या तोडणे, गुंडाळलेले पान उलगडणे व अंड्यांच्या पिशवीवरून मादीला हुसकावणे यांचा उपद्रव अधिक. पान उलगडावेच लागले, तर चित्र घेऊन झाल्यावर ते पूर्ववत दुमडून काडीने टोचून ठेवतात. काही फुलपाखरे व अन्य कीटक वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत समाविष्ट असल्यामुळे त्यांना पकडून घरी आणून चित्रे घेणे हा गुन्हा ठरतो. अभयारण्यात तर कोणताही नमुना गोळा करण्यास वन विभागाची लेखी परवानगी लागते.